सहा महिन्यांचा मुक्काम आणि नव्वद दिवसांच्या गोळ्या

भिवपुरी रोड स्थानकावर उतरून तुम्ही "भिवपुरी कुठे?" असे विचारलेत, तर रिक्षावाला आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहील आणि मग विचारील, "धबधबा की कॅम्प?" नेरळ आणि कर्जत यांच्यामधल्या या स्थानकाच्या नावात 'रोड' हा शब्द उगाच आलेला नाही. पावसाळ्यात आषाणे-कोषाण्याच्या धबधब्यांखाली भिजायला येणारी मंडळी स्थानकालाच भिवपुरी समजतात. आमची भिवपुरी तेथून बरीच दूर, कर्जतच्या पलीकडे, सह्याद्रीच्या अगदी पायाशी आहे. वर घाटमाथ्यावर ठोकरवाडीचे धरण; तेथून पाण्याचे अजस्र नळ दीड हजार फुटांहून अधिक खाली उतरतात आणि पायथ्याशी, १९२२ साली सुरू झालेल्या टाटांच्या वीजगृहात ते पाणी चाके फिरवते. आपले काम संपवून ते पुढे पेज नदीत आणि राजनाला कालव्यात जाते. भर उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या काही भागांत हिरवीगार भातशेती दिसते ती या पाण्याच्या पुण्याईने.

माझ्या यजमानांचे सगळे नोकरीचे आयुष्य त्या वीजगृहात गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत असे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा जवळच दोन खोल्यांचे घर बांधले; कारण ह्यांना पाण्याचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही. पहाटे उठायचे, कालव्याच्या कडेने चार-पाच किलोमीटर चालायचे, येताना कॅम्पाच्या नाक्यावर जुन्या सहकाऱ्यांबरोबर अर्धा कप चहा घ्यायचा आणि साडेआठला न्याहारीबरोबर रक्तदाबाची गोळी. बारा वर्षांत या क्रमात खंड पडला नव्हता. हे सारे आधीच सांगण्याचे कारण असे की, परदेशी जाताना आपण काय बरोबर नेतो याची यादी सर्वजण करतात. आपण काय मागे ठेवून जातो याची यादी कोणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती.

आमचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एडिसन या गावी असतो. गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यास आम्ही त्याच्याकडे गेलो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच बेत शिजत असेल. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेस सामान्यतः सहा महिन्यांपर्यंतच राहू देतात. ती तारीख विमानतळावरील अधिकारी ठरवतो. त्यामुळे बहुतेक आईवडील 'आलोच आहोत तर पुरते सहा महिने राहू' असा हिशेब करतात. आम्हीही तोच केला. मात्र गोळ्या नेल्या त्या तीन महिन्यांच्या. तिकडच्या नियमानुसार स्वतःपुरती औषधे साधारणतः नव्वद दिवसांची न्यावीत, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि ते बरोबरही होते. उरलेल्या नव्वद दिवसांचे काय, हा प्रश्न मी विचारला होता. "पुढचे पुढे पाहू," असे हे म्हणाले, आणि पापड-कुरडयांच्या गडबडीत मीही तो विषय सोडून दिला.

प्रवासाचे वर्णन फार करीत नाही. मुंबईहून थेट विमानाने सुमारे १६ तास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मूळ शक्यताच फार थोडी असल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि पाणी पीत राहावे. शौचालयाला वारंवार उठावे लागेल म्हणून पाणीच न पिण्याची आपल्या बायकांची जी सवय आहे, ती विमानात तरी सोडावी. एक काम मात्र आम्ही चोख केले होते. डॉक्टरांकडून औषधांची यादी त्यांच्या मूळ नावांसह लिहून घेतली होती आणि गोळ्या मूळ पाकिटांतच, हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या. आपल्याकडील कंपनीची नावे तिकडे कोणाला ठाऊक नसतात. इतकेच काय, आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने विकतात. ही यादी पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

एडिसन हे गाव नावाप्रमाणेच थॉमस अल्वा एडिसनचे. १९५४ पर्यंत त्याचे नाव रॅरिटन टाऊनशिप असे होते. त्यातील मेन्लो पार्क या भागात एडिसनची प्रयोगशाळा होती. १८७७ साली ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि १८७९ साली टिकाऊ विजेचा दिवा त्याने तेथेच घडविला. आता त्या जागी उंच स्मारकस्तंभ आहे आणि शेजारी एक छोटेसे संग्रहालय. ह्यांनी तेथे पूर्ण दुपार घालवली. जन्मभर विजेत वावरलेल्या माणसाला ते तीर्थक्षेत्रच वाटले असणार, असे मला वाटले, पण बाहेर आल्यावर हे म्हणाले, "माणूस मोठा. पण हा एकदिश प्रवाहाचा हट्ट धरून बसला होता. याचे ऐकले असते तर भिवपुरीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली नसती." मग थोडे थांबून, "मुलगा राहतो एडिसनच्या गावात आणि बापाने पोट भरले ते टेस्लाच्या विजेवर."

पहिले दोन आठवडे असेच कौतुकात गेले. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टनमधील संग्रहालये, ओक ट्री रोडवरची दुकाने. तेथे मेथी, अळू, कैऱ्या आणि मालवणी मसाला मिळाल्यावर आपण सातासमुद्रांपलीकडे आलो आहोत हे खरे वाटेना. त्या स्थळांची वर्णने तुम्ही पुष्कळदा वाचलेली असतात. त्यानंतर जे येते त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. शनिवार-रविवार संपतात आणि सोमवार उजाडतो. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. आणि घरात दोन म्हातारी माणसे, एक मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर एकही माणूस नसलेला स्वच्छ रस्ता.

मुलाच्या घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्याला पदपथ नव्हता. मोटारी वेगाने जात. पहिल्याच आठवड्यात हे पहाटे फिरायला बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालू लागले. एका सज्जनाने गाडी थांबवून, "काही मदत हवी आहे का?" असे विचारले. त्याने चांगुलपणानेच विचारले होते. पण हे परत आले ते पुन्हा एकटे बाहेर पडले नाहीत. सूनबाईंनाही काळजी वाटे. "बाबा, संध्याकाळी आपण गाडीने बागेत जाऊ ना," असे ती म्हणे आणि संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या मुलीला बागेत न्यायला सांगण्याचे धैर्य आम्हा दोघांनाही होत नसे. एका महिन्यात ह्यांचे चालणे खिडकी ते स्वयंपाकघर एवढे उरले.

खाण्याचेही तसेच. घरात मी स्वयंपाक करीत होते, परंतु न्याहारीला ब्रेड, दुपारी डब्यातील सूप, नातीच्या आवडीचे चीज, शीतपेटीतले तयार पराठे असे काही ना काही पोटात जात होते. या सर्व पदार्थांत मीठ किती असते ते त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते. वाचण्याची सवय मात्र आपल्याला नसते. दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचाही नव्हे. त्यावर आमचे घरून नेलेले पापड आणि लोणचे होतेच. जूनमध्ये ह्यांचे वजन चार किलोंनी वाढलेले होते आणि बोलणे कमी झाले होते. पाण्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही, असे कारण हे सांगत. नातीने फोनवर धबधब्याचा आवाज लावून तो उशाशी ठेवला. तिचे मन राहावे म्हणून हे डोळे मिटून पडून राहत.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. हे पलंगावर नव्हते. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर उशा रचून ताठ बसले होते. विचारल्यावर म्हणाले, "काही नाही, जरा जड वाटतंय." हात लावला तर कपाळ घामाने ओले. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते आहे, हे ते दहा मिनिटांनी बोलले; आणि गेल्या चार रात्री असेच होत आहे, हे त्याहून नंतर. "मुलाला उठवू नकोस. इथल्या दवाखान्याचे बिल ऐकले आहेस ना?"

वाचकहो, त्या क्षणी मीदेखील दोन मिनिटे थांबले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बत्तीस वर्षे मुलांना आरोग्याचे धडे शिकवलेली मी, नवऱ्याला घाम फुटलेला असताना डॉलरचा रुपयांत हिशेब करीत उभी होते. मग मुलाच्या खोलीचे दार वाजवले. त्याने गाडीची किल्ली शोधली नाही, सरळ ९११ ला फोन केला. ते योग्यच झाले. छातीत दडपण, घाम, धाप यांपैकी काही असेल, तर रुग्णाला स्वतःच्या गाडीतून नेऊ नये. रुग्णवाहिकेतच उपचार सुरू होतात. आपल्याकडे १०८ असो की तिकडे ९११ असो, हा नियम एकच.

आपत्कालीन विभागात पैशांची चौकशी आधी होईल, या भीतीने मी पासपोर्ट आणि विम्याचे कागद छातीशी धरून गेले होते. तसे काही झाले नाही. तिकडे १९८६ सालापासून एक कायदा आहे. त्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या कोणाचीही तपासणी आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार, विमा आहे की नाही हे न पाहता, जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाला करावेच लागतात. बिल नंतर येते, आणि ते येतेच. पण दारातून परत पाठवीत नाहीत. हे आम्हाला आधी ठाऊक असते तर त्या चार रात्री वाया गेल्या नसत्या. तुम्हाला ठाऊक असावे म्हणून येथे सांगितले.

हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतले. रक्तदाब वरचा १९८ होता. मुलगा दुभाषाचे काम करू लागला तेव्हा परिचारिकेने त्याला हसून थांबवले. घरच्या माणसाने भाषांतर करू नये, असा त्यांचा दंडक. तिने एक फोन लावून तो ह्यांच्या उशाशी ठेवला आणि त्या अनोळखी शहरात, पहाटे तीन वाजता, यंत्रांच्या टिकटिकीत कोठूनतरी एका बाईंचा स्वच्छ मराठी आवाज आला, "नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे. डॉक्टर जे विचारतील ते मी तुम्हाला मराठीत सांगेन, आणि तुम्ही सांगाल ते सगळे त्यांना सांगेन."

डॉक्टरांनी विचारले, रक्तदाबाची गोळी रोज घेता का?

हे क्षणभर गप्प राहिले. मग छताकडे पाहत म्हणाले, "अर्धी."

केव्हापासून?

"जूनच्या पहिल्या आठवड्यापासून. तीन महिन्यांच्याच आणल्या होत्या. मुक्काम सहा महिन्यांचा. अर्धी अर्धी केली की जास्त दिवस पुरतात."

फोनवरचा आवाज थोडा थांबला आणि मग त्याने ते इंग्रजीत सांगितले. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला सोडा, त्यालाही जे सांगितले नव्हते, ते ह्यांनी न दिसणाऱ्या एका बाईंना सांगितले. परकी होत्या, पण आपल्या भाषेत विचारीत होत्या, म्हणून सांगता आले असेल. नंतर घरी गोळ्यांची डबी उघडून पाहिली. सुरीने कापलेल्या अर्धचंद्राकृती गोळ्या एकेका घरात नीट मांडलेल्या होत्या. धरणात किती पाणी उरले आहे आणि ते पावसापर्यंत कसे पुरवायचे, याच हिशेबात ज्याचे आयुष्य गेले, त्याने गोळ्यांचेही तेच केले होते.

हृदयविकाराचा झटका नव्हता. काही तासांनी रक्ताची तपासणी पुन्हा केली, तीही ठीक आली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरी सोडले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने कमी केली तर दाब हळूहळू चढतो किंवा काही औषधांच्या बाबतीत एकदम उसळतो. शिवाय काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कापल्या की औषध एकदम अंगात भिनते. आणि ज्या गोळीसाठी हा सारा प्रकार झाला तिचे मूळ नाव त्या यादीत पाहून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा औषधाच्या दुकानात तीन महिन्यांची गोळी आमच्या तिघांच्या बाहेरच्या एका जेवणापेक्षा स्वस्तात मिळाली. मुलगा त्या दिवशी गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाला, "बाबा, मला नुसतं सांगायचं होतंत." ह्यांनी उत्तर दिले नाही. गाडीतून उतरताना मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

बिलाचा आकडा लिहीत नाही. तो वाचून तुमचा रक्तदाब वाढायचा. विम्याविषयी मात्र लिहिले पाहिजे. परदेशी जाणाऱ्यांसाठी साधारण दोन प्रकारचे विमे असतात. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीकच रक्कम मिळते, मग बिल कितीही होवो. दुसऱ्यात सुरुवातीचा ठरलेला भाग आपण भरायचा आणि पुढील खऱ्या खर्चाचा मोठा वाटा विमा कंपनी उचलते. पहिला स्वस्त असतो. आम्ही तोच घेतला होता, कारण 'आपल्याला काय होणार आहे?' शिवाय आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. काही विम्यांत त्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर मदत मिळते, पण त्यालाही वयाची अट असते. ही कलमे विकत घेण्यापूर्वी मुलाबरोबर बसून वाचा. आम्ही नंतर वाचली. रुग्णालयाकडे बिलाचा तपशील मागता येतो, हप्ते बांधून घेता येतात. मुलाने ते सर्व केले. अजून हप्ते चालू आहेत आणि ते आमच्याकडून घेण्यास तो तयार नाही, हे शल्य आहेच.

यानंतर आमच्या मुक्कामाचे स्वरूप पालटले. रोज सकाळी कामावर जाताना मुलगा आम्हाला रूझवेल्ट पार्कमध्ये सोडू लागला आणि दोन तासांनी सूनबाई घेऊन येऊ लागल्या. ती घरून काम करीत असे तेव्हा हे तिला जमे. तळ्याभोवती सपाट, सुरक्षित वाट आहे. पहिल्या दिवशी ह्यांनी पाव फेरी मारली, महिन्याअखेर तीन. दाब रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहायचा; वहीवर रकाने आखण्याचे काम नातीने घेतले.

तेथे तळ्याकाठी एका बाकावर आमच्यासारख्यांची मैफल जमते. गुजराती, तेलुगू, पंजाबी, आणि दोन घरे मराठी. नाव विचारण्यापूर्वी तेथे एकमेकांना, "कितवा महिना?" असे विचारतात. दुसरा महिना असलेला माणूस अजून उत्साहात असतो, चौथा असलेला गप्प असतो आणि सहावा असलेला पुन्हा बोलू लागतो, असे एका तेलुगू आजोबांचे निरीक्षण होते. त्यांचा स्वतःचा नववा मुक्काम. त्यांना मुलाने कायमच्या वास्तव्याचे कागद करून दिले होते. पण त्यांच्यासारख्या साठी-सत्तरीनंतर गेलेल्या माणसाला तेथील सरकारी वृद्ध-आरोग्यविम्यात पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय शिरता येत नाही, ही अट त्यांनीच आम्हाला समजावली. आमच्या मुलाच्या मनातही तसे कागद करण्याचे आहे. त्या बाकावर बसून आम्ही दोघांनी त्याविषयी प्रथमच मोकळेपणाने बोललो. उत्तर निघाले नाही. पण तोपर्यंत दोघेही एकमेकांना बरे वाटावे म्हणून 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणत होतो, ते थांबले.

ऑगस्टच्या अखेरीस डॉक्टरांना विचारूनच आम्ही नायगाराला गेलो. एडिसनहून मोटारीने सहा-सात तासांचा रस्ता. मुलाला वाटेत दर दीड तासाला गाडी थांबवायला लावून आम्ही चाललो. नायगाराची छायाचित्रे पाहून तुम्हाला जे वाटते ते तेथे गेल्यावर वाटत नाही. कारण छायाचित्रात आवाज नसतो. वाहनतळावर उतरताच तो आवाज आला आणि हे जागच्या जागी उभे राहिले. साडेचार महिन्यांनी ह्यांच्या कानी पाणी पडत होते. नातीने हात ओढला तरी हलेनात.

अमेरिकेच्या बाजूचे हे उद्यान १८८५ सालचे, तेथील सर्वांत जुने राज्य-उद्यान. त्यातील गोट आयलंडवर निकोला टेस्लाचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. १९७६ साली युगोस्लाव्हियाने तो भेट दिला. येथील वीजगृह १८९५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी टेस्लाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने ती वीज बफेलो शहरात गेली. म्हणजे भिवपुरीच्या आधी सव्वीस-सत्तावीस वर्षे. लोक पुतळ्याच्या मांडीवर बसून छायाचित्रे काढत होते. ह्यांनी आधी पायांतले बूट काढले, मग पुतळ्याला हात लावला. नात संकोचली, पण तिनेही काढले.

मग नौका. निळे पातळ रेनकोट चढवून धबधब्याच्या तोंडाशी नेणाऱ्या त्या नौका २०२० पासून विजेवर चालतात, आणि ती वीजही पाण्याचीच. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. एका नौकेचे नावच निकोला टेस्ला. तुषारांनी सारे भिजले, नात किंचाळत होती, आणि हे तोंड वर करून डोळे मिटून उभे होते. या खेपेस कोणाचे मन राखण्यासाठी नव्हे.

रात्री मुक्कामाच्या खोलीत ह्यांनी मुलाकडून आणखी एक गोष्ट शोधून घेतली आणि मग बराच वेळ हसत राहिले. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झाला आहे. पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी वाहू द्यायचे. रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार पुरे. बाकीचे पाणी वरच्या वर वळवून दोन्ही देश वीज करतात. "म्हणजे माणसे झोपली की नायगारासुद्धा अर्धा," हे म्हणाले. मी म्हटले, "त्याला चालते. तुम्हाला नाही." यावर मात्र हसले नाहीत, उठून वहीत त्या रात्रीचा दाब लिहिला. १३४.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. न्यू जर्सीत उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेनऊ तास पुढे असते. पूर्वेकडे येताना झोपेची घडी बसायला अधिक दिवस लागतात. मोठे प्रवास करणाऱ्यांनी पहिले चार-पाच दिवस सकाळचे ऊन डोळ्यांवर घ्यावे आणि दुपारी तासाभराहून अधिक झोपू नये. एवढे केले की आठवड्याभरात शरीर वळणावर येते. आम्हाला दहा दिवस लागले. पहिली आठ दिवसांची पहाट दोनलाच होत असे. त्या वेळी दोघेही ओट्यावर बसून राहत असू. शेतात भात पिवळे पडू लागले होते, आणि काळोखात वीजगृहाकडून येणारा तो एकसुरी आवाज. तो आवाज ऐकताना मी ह्यांना विचारले की, पुन्हा जायचे का? "जायचे," हे म्हणाले. "एप्रिलला नको. सप्टेंबरला. तीन महिने." मग थोड्या वेळाने, "नव्वद दिवस." कायमच्या वास्तव्याच्या कागदांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

अकराव्या दिवशी हे पहिल्यांदा पुन्हा कालव्याने फिरून नाक्यावर गेले. मी भाजीसाठी मागोमाग गेले होते. जुनी मंडळी जमलेली होती. कोणी पेनस्टॉकवर, कोणी टर्बाइनवर जन्म काढलेला. अमेरिका कशी आहे, मुलगा कसा आहे, हे विचारून झाले. नायगारा पाहिला म्हटल्यावर एका वृद्ध फोरमनने कप खाली ठेवला आणि वीजगृहातल्या माणसाने विचारावा तो एकच प्रश्न विचारला.

"हेड किती?"

"दोनशे फुटांच्या आत."

बाकावर हशा उसळला. आमचे पाणी दीड हजार फुटांवरून येते. दोनशे फुटांसाठी एवढे विमानाचे भाडे! हशा ओसरल्यावर त्यानेच पुन्हा विचारले, "आणि पाणी?"

ह्यांनी घड्याळ पाहिले. साडेआठला पाच मिनिटे कमी होती.

"पाणी विचारू नकोस," असे म्हणत हे उठले आणि घराकडे चालू लागले.